‘अकूस्टिक न्यूरोमा’ : अहवालातील शब्दांचा अर्थ

विरार लोकलमध्ये मोबाइल नेहमीच्या उजव्या कानाला लावावा, पलीकडचा आवाज यावा पण शब्द मात्र उमगू नयेत. तोच मोबाइल डाव्या कानाला लावताच सारे स्पष्ट ऐकू यावे. वसई-विरारहून रोज मुंबईला जाणारा मनुष्य याचा दोष गाडीच्या खडखडाटाला, कानातल्या मळाला किंवा वयाला देऊन मोकळा होतो. बहुतेकदा कारण साधेच निघते. पण वय दोन्ही कानांचे सारखेच वाढत असते! एकाच कानाचे ऐकणे मंदावले, त्याच कानात सतत गुणगुण होऊ लागली, चालताना तोल जातोसे वाटू लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी ऑडिओमेट्री आणि गरज भासल्यास एमआरआय करावयास सांगतात. त्यातून क्वचित कुणाच्या अहवालात ‘अकूस्टिक न्यूरोमा’ हे शब्द उमटतात. वर्षाला लाखात साधारण एखाद्यालाच आढळणारी ही गाठ. घरची मंडळी मात्र ‘ट्यूमर’ एवढेच वाचतात आणि कर्करोग समजून हबकतात.

मुळात हे नावच दोन्ही अंगांनी फसवे आहे. ‘अकूस्टिक’ म्हणजे श्रवणाचा. पण गाठ सहसा उगवते ती आठव्या मज्जातंतूच्या तोल सांभाळणाऱ्या शाखेवर. ‘न्यूरोमा’ म्हणजे मज्जातंतूची गाठ; प्रत्यक्षात ती तंतूभोवती आवरण करणाऱ्या श्वान पेशींची असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून या पेशींना हे नाव मिळाले. म्हणूनच डॉक्टर आता ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ म्हणतात. एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे दिसले, तरी आजार एकच.

‘बिनाइन’ हा शब्द दिलासा देणारा आहे. गाठ कर्करोगाची नाही, ती अन्य अवयवांत पसरत नाही. तरीही तिची जागा अडचणीची आहे. अंतर्कर्णाकडून मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून श्रवणाचा, तोलाचा आणि चेहरा हलविणारा असे मज्जातंतू एकत्र जातात. गाठ या बोगद्यातच असेल तर अहवालात ‘इन्ट्राकॅनालिक्युलर’ लिहिलेले असते. ‘सीपी अँगल’ म्हणजे बोगद्याबाहेरचा, लहान मेंदूलगतचा कोपरा. ‘एनहान्सिंग’ या शब्दाने घाबरू नये. शिरेतून दिलेले औषध शोषून गाठ चित्रात उजळ दिसली, इतकाच त्याचा अर्थ. ‘ब्रेनस्टेम कॉम्प्रेशन’ मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाही. गाठीचा दाब मेंदूच्या देठावर पडतो आहे, असे तो सांगतो आणि मग निर्णय लांबणीवर टाकता येत नाही.

एरवी गाठ वाढते अतिशय संथ, सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर. कित्येक गाठी वर्षानुवर्षे तेवढ्याच राहतात. त्यामुळे लहान गाठीला ‘वेट अँड स्कॅन’ हा सल्ला मिळतो. डॉक्टरांनी हात टेकले, असा त्याचा अर्थ नव्हे. ठरावीक काळाने एमआरआय करून मोजमाप ताडून पाहणे, हाही उपचाराचाच भाग होय. मात्र जुने अहवाल आणि फिल्म जपून ठेवायला हव्यात, नाहीतर तुलना करायची कशाशी?

‘गॅमा नाइफ’मध्ये चाकू नसतो. सुमारे २०० कोबाल्ट स्रोतांतील किरण एका बिंदूवर एकवटून गाठीची वाढ रोखली जाते. गाठ नाहीशी होईलच असे नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात हे उपचार १९९७ मध्ये सुरू झाले. मोठ्या गाठीला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

गेलेले श्रवण यांपैकी कोणत्याही उपायाने सहसा परत येत नाही. म्हणून निदान लवकर व्हावे. शस्त्रक्रियेनंतरच्या कागदांवर ‘हाउस-ब्रॅकमन’ आणि पुढे एक ते सहापैकी आकडा दिसतो. ती चेहऱ्याच्या हालचालीची श्रेणी असते. एक म्हणजे पूर्ववत चेहरा, सहा म्हणजे त्या बाजूचा पूर्ण लकवा. आपल्या गाठीच्या आकारमानाला यातला कोणता आकडा संभवतो, हे शल्यविशारदांना शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावे.