बारा अधिक एक, एकशे एकवीस!

दोस्तांनो, बारा अधिक एक किती? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, तेरा! पण संगणकानं १२१ असं उत्तर दिलं तर? हसू नका. जावास्क्रिप्ट शिकायला बसलेल्या कितीतरी जणांवर हा प्रसंग येतो. 'तुझं वय किती?' असं विचारणारी छोटीशी आज्ञावली लिहायची, आलेल्या उत्तरात एक मिळवायचा आणि बेरीज पडद्यावर दाखवायची. बारा टंकलं की पडद्यावर झळकतं, 'पुढच्या वर्षी तू १२१ वर्षांचा होशील!'

संगणक बिघडलेला नाही बरं का. 'प्रॉम्प्ट' ही आज्ञा तुमचं उत्तर आणून देते ते मजकूर म्हणून. तिच्या लेखी १२ म्हणजे एकापुढे दोन अशी नुसती दोन चिन्हं, 'घर'मधल्या घ आणि र सारखी. मजकुरापुढे अधिक चिन्ह आलं की ही भाषा बेरीज करत नाही, जोडते. गंमत म्हणजे वजा चिन्ह दिसलं की ती त्याच मजकुराचा मुकाट्यानं आकडा करून घेते. बारातून एक वजा करा, बरोबर ११ येतात! म्हणून तर ही चूक कधी दिसते, कधी लपून बसते.

यावर उपाय म्हणजे आधी 'नंबर' या आज्ञेनं मजकुराचा आकडा करून घ्यायचा. झालं काम? छे! कोणी 'बारा' असं अक्षरांत लिहिलं तर 'नॅन' मिळतं, म्हणजे 'हा आकडा नव्हे'. एवढंच काय, मराठी आकड्यांत १२ लिहिलंत तरी नॅनच, कारण या आज्ञेला इंग्रजी आकडेच कळतात. (मला तरी हा अन्याय वाटतो!) नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच उरतं. आणि हे नॅन स्वतःच्याही बरोबरीचं नसतं! 'उत्तर नॅनइतकं आहे का?' असं विचारलंत तर कायम 'नाही'. ते ओळखायला 'इझनॅन' ही वेगळी आज्ञा आहे.

खरा लबाड असतो रिकामा चौकोन. काहीच न लिहिता बटण दाबलं तर 'नंबर' त्याचा शून्य करते. 'भावंडं किती?' या प्रश्नाला शून्य हे खरं उत्तर असू शकतं. मग उत्तर शून्य आहे की उत्तर दिलंच नाही, हे कसं कळणार? म्हणून रिकामं उत्तर आकडा करण्याआधीच अडवायचं. 'पार्सइंट' नावाची दुसरी आज्ञा तर भलतीच उदार. '12 आंबे' लिहिलं तर ती १२ घेते आणि आंबे सोडून देते! आई-बाबांनो, हिशेबात तुम्ही स्वल्पविराम देऊन 1,20,000 लिहिलेत, तर ती पहिल्या स्वल्पविरामाशीच थांबते आणि १ रुपया धरते.

आता समजा, आकडा खराखुरा आला. तो शोभणारा आहे का? वय उणे पाच नसतं, पाचशेही नसतं. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'यॉर्कटाउन' या युद्धनौकेवर माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं गेलं. संगणक त्या शून्यानं भागायला गेला, नौकेवरचं संगणकांचं जाळं कोलमडलं आणि एवढी मोठी नौका भर समुद्रात थांबली. शून्य हा आकडाच होता, पण त्या जागी चालणारा नव्हता. जावास्क्रिप्ट अशा वेळी थांबतसुद्धा नाही. 'इन्फिनिटी', म्हणजे अनंत, असं उत्तर देऊन बिनधास्त पुढे जाते.

तेव्हा वयाच्या आज्ञावलीत क्रम असा ठेवा: उत्तर रिकामं आहे का, आकडा आहे का, पूर्णांक आहे का, १ ते १२० मध्ये बसतो का. कुठं अडलं तर 'चूक!' म्हणून ओरडू नका. 'वय इंग्रजी आकड्यांत लिहा, उदाहरणार्थ 12' असं सांगून 'व्हाइल'च्या फेऱ्यानं पुन्हा विचारा.

मग आजोबांना संगणकापुढे बसवा आणि 'हवं ते टंका' म्हणा. ते 'पंचाहत्तर संपली' असं लिहितील, तेव्हा तुमची आज्ञावली काय म्हणते ते पाहा.