भगत कुणाच्या बाजूचा?

सूचना आधीच: पुढे चित्रपटांची रहस्यं सर्रास फोडलेली आहेत. ज्यांना ते चित्रपट अजून बघायचे आहेत, त्यांनी खुशाल पान उलटावं.

अंगात येणाऱ्या भुतांवर कोरियात भरपूर चित्रपट निघाले, पण बघून झाल्यावर सगळ्यात जास्त भांडणं लावतो तो ना होंग-जिन यांचा 'द वेलिंग'. साल 2016, लांबी 156 मिनिटं. कथा घडते ते गोकसंग दक्षिण कोरियाच्या नकाशावर खरोखर आहे. डोंगर, पाऊस, शेती, एक छोटी पोलीस चौकी आणि गावाबाहेर राहायला आलेला एक जपानी म्हातारा. लोकांच्या अंगावर पुरळ उठतं, मग ते घरच्याच माणसांचे जीव घेतात. बातम्यांत सांगतात, विषारी अळंबीचा परिणाम. गाव म्हणतं, जपान्याने केलं. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या प्रेक्षकाला ही मांडणी नवी वाटायची नाही. ताप उतरेना, ढोर मेलं, की "कुणी केलं?" हा प्रश्न सातपुड्यात आजही निघतो. फरक एवढाच की गोकसंगमध्ये बोट परक्याकडे जातं. इथे ते बहुतेक वेळा गावातल्याच, कधी तर भाऊबंदकीतल्याच बाईकडे जातं आणि ती डाकीण ठरते.

आता वादाचा मुद्दा क्रमांक एक: खिळे. पोलीस जोंग-गू याच्या मुलीला, ह्यो-जिनला, झपाटलंय म्हणून इल-ग्वांग नावाचा मांत्रिक बोलावतात. ढोल, झांजा, कापलेली जनावरं, आणि तो एका लाकडी खांबात खिळे ठोकतोय. त्याच वेळी तिकडे जपानी म्हाताराही काळ्या कोंबड्या टांगून काहीतरी करतोय. संकलन असं की आपण गृहीत धरतो, खिळे म्हाताऱ्याला टोचतायत. पण नीट बघा, प्रत्येक घावाला तडफडतेय ती मुलगी. मग मांत्रिक भूत काढत होता की पोरीलाच मारत होता? पुरावे मांत्रिकाच्या विरुद्ध जातात. कपडे बदलताना त्याचा लंगोट दिसतो, तो थेट जपान्यासारखा. शेवटी त्याच्या खोक्यातून मेलेल्या माणसांचे फोटो सांडतात, आणि तसे फोटो आधी म्हाताऱ्याच्या घरात दिसलेले असतात. कापून टाकलेल्या एका दृश्यात तर मांत्रिक गाडी घेऊन येतो आणि म्हाताऱ्याला बसवून नेतो. ते दृश्य ठेवलं असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. दिग्दर्शकाने कापलं, बरं केलं.

मुद्दा दोन: कोंबडा. पांढऱ्या कपड्यांतली बाई जोंग-गूला अडवते आणि सांगते, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरी जाऊ नकोस. फोनवर मांत्रिक सांगतो, तीच भूत आहे, तिचं ऐकू नकोस. बिचारा दोन आरवण्यांनंतर धावत सुटतो. थांबला असता तर घर वाचलं असतं? माझं उत्तर: हो. तो उंबरा ओलांडतो तेव्हा दारावर तिने लावलेलं झाड क्षणात सुकतं. एवढा सरळ पुरावा या चित्रपटात दुसरा नाही. तीनदा आरवणारा कोंबडा बायबलमधल्या पीटरची आठवण करून देतो, हे ख्रिस्ती प्रेक्षकाला चटकन कळतं. सुरुवातही लूकच्या शुभवर्तमानातल्या ओळींनीच होते. जपानी म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी जुन कुनिमुरा यांना कोरियाचा ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी अभिनेते.

आपल्या मराठी भुताचे नियम किती स्वच्छ! 'झपाटलेला' (1993) आठवा. तात्या विंचूने बाहुल्यात शिरल्यावर आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला जाता येणार. त्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध. बस्स. महेश कोठारे यांनी हा साचा 'चाइल्ड्स प्ले' या 1988 च्या अमेरिकी चित्रपटावरून घेतला, पण नियम इतके ठणठणीत की शाळकरी पोरंही ते पाठ म्हणायची. ना होंग-जिन मात्र नियमावली खिशात ठेवून पसार होतात.

कोरियातल्याच जांग जे-ह्युन यांच्या 'द प्रीस्ट्स' (2015) मधला नियम बघा: सैतानाला त्याचं नाव कबूल करायला लावा, मग त्याला डुकराच्या पिल्लात घाला आणि पिल्लू नदीत बुडवा. डुकरांची कल्पना थेट शुभवर्तमानातली, नदी मात्र सोलची हान. झपाटलेली मुलगी झाली आहे पार्क सो-दाम, पुढे 'पॅरासाइट'मधून जगभर पोहोचलेली.

याच जांग जे-ह्युन यांचा 'एक्झुमा' 2024 मध्ये आला आणि कोरियात त्याची 1 कोटी 10 लाखांहून जास्त तिकिटं खपली. कबर उकरली जाते, एक आजोबा बाहेर पडतात आणि घरच्यांच्या मानगुटीवर बसतात. एका दृश्यात दाराबाहेर एक आवाज, फोनवर तोच आवाज, आणि आतल्या माणसाने ठरवायचं की खरा कोणता. भूत फोनवरचं निघतं. तर्काला धरून नाही म्हणाल तर मान्य. पण भुताचा फोन लागतो आणि सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून आपला लागत नाही, हे जास्त डाचतं. लक्ष असेल तर गाड्यांच्या पाट्या वाचा: 0301, 0815, 1945. 1 मार्च 1919 चं स्वातंत्र्य आंदोलन आणि 15 ऑगस्ट 1945 ची जपानपासून मुक्ती. म्हणजे झपाटलेलं कुटुंब नव्हे, सबंध देश.

राहता राहिला आमच्या भागाचा हिशेब. समजा 'द वेलिंग' धडगावात घडला. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. वर्षानुवर्षं रखडलेला मसुदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्टच्या खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश झाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हा गुन्हा. कुणी करणी करतो, रोग पसरवतो, मंत्राने गाईम्हशींचं दूध कमी करतो असं सांगून त्याचं जगणं अवघड करणं, हाही गुन्हा. दुधाचा उल्लेख कायद्यात खरोखर आहे! कुणाला सैतान ठरवणं, तेही त्यात. म्हणजे मांत्रिक आत, अफवा पसरवणारं निम्मं गाव आत. जोंग-गूची अवस्था तर सगळ्यात वाईट. तो मित्रांना घेऊन म्हाताऱ्याच्या मागे धावतो, म्हातारा गाडीखाली येतो आणि हे लोक त्याला रस्त्यावरून खाली ढकलून देतात. हे तर साध्या फौजदारी कायद्याचं प्रकरण. शिवाय या कायद्याखालचा दक्षता अधिकारी किमान पोलीस निरीक्षक लागतो. जोंग-गूचा हुद्दा त्याच्या बराच खाली.

दाणे पाहून निदान सांगणारे भगत-बडवे सगळेच इल-ग्वांग नसतात. झाडपाल्याची जाण असणारे, रुग्णाला दवाखान्यात पाठवणारेही आहेत. प्रश्न बोट दाखवणाऱ्याचा आहे. चित्रपट शेवटपर्यंत विचारत राहतो की खरं भूत कोण. कायदा त्या फंदातच पडत नाही, बोट कुणी दाखवलं एवढंच बघतो. कथानकाचा तर्क म्हणून मला हा जास्त पटतो.

या कायद्याखाली शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तेव्हा चित्रपटातल्या भुतावर रात्रभर भांडा, पण आपल्या पाड्यावर कुणा बाईला डाकीण म्हटलं जात असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच कळवा.