डिस्क जोडलेली, दिवाही पेटलेला. बॅकअप मात्र भलतीकडेच

पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघाले, की जून महिन्यात दोन गोष्टी हमखास भेटतात; एक पाऊस आणि दुसरी वीज जाणे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री माझ्या काकांच्या घरातील संगणक वीज गेल्याने बंद पडला आणि सकाळी पुन्हा सुरू झाला. सुरू झाला म्हणजे पडदा उजळला, नेहमीची चित्रे दिसली, बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कचा निळा दिवाही पेटला. त्या सकाळपासून सात आठवडे त्या डिस्कवर एकही नवी फाईल गेली नाही, हे मात्र ऑगस्टमध्ये कळले.

काका निवृत्त शिक्षक असून त्यांना मोडी लिपी उत्तम वाचता येते. मुळशी खोऱ्यातील जुन्या घरांत पडून असलेले मोडी कागद ते मागून आणतात, स्कॅन करतात आणि मालकाला परत देतात. त्यांत वाटणीपत्रे आहेत, कर्जरोखे आहेत, आणि धरणात जमीन गेल्यावर खोरे सोडलेल्या काही घराण्यांची पत्रेही आहेत. (१९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेच हे धरण. त्याच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते आणि खोऱ्यातले लोक पावसाळ्यात मेणबत्त्या शोधतात. तो विषय वेगळा.) काकांच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली मीच बसवून दिली होती. रोज रात्री सर्व स्कॅन बाहेरच्या डिस्कवर आपोआप उतरावेत, ही व्यवस्थाही माझीच. त्यामुळे पुढे जे घडले त्याचा दोषही दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

ऑगस्टमध्ये संगणकाची आतली डिस्क निकामी झाली. "काही काळजी नाही, बॅकअप आहे," असे मी फोनवर सांगितले. रविवारी जाऊन बाहेरची डिस्क उघडली, तर शेवटची फाईल जूनमधली. "अरे, रोज सकाळी बघतो ना मी, 'पूर्ण झाले' असं लिहून येतं," काका म्हणाले. ते खरेच होते. बॅकअप रोज पूर्ण होत होता. फक्त तो बाहेरच्या डिस्कवर न जाता, आतल्या डिस्कवरच एका रिकाम्या फोल्डरमध्ये साठत होता. मूळ प्रत आणि तिची नक्कल एकाच डिस्कवर होती आणि दोन्ही एकदमच गेल्या.

असे कसे होऊ शकते, हे समजण्यासाठी डिस्क 'माउंट' होणे म्हणजे काय, ते पाहावे लागेल. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरे मिळतात. जणू प्रत्येक डिस्क म्हणजे स्वतंत्र घर. लिनक्स आणि तिची पूर्वज युनिक्स यांची रचना निराळी आहे. तेथे सारे मिळून एकच झाड असते. या झाडाच्या मुळापासून फोल्डरांच्या फांद्या फुटतात आणि नवी डिस्क आली, की ती एखाद्या रिकाम्या फांदीवर कलमासारखी बांधावी लागते. हे बांधणे म्हणजे माउंट करणे. ज्या फोल्डरवर ती बांधायची, तो 'माउंट पॉइंट'. बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली, तिच्या नोव्हेंबर १९७१ मधील पहिल्या माहितीपुस्तिकेतही ही आज्ञा आढळते. त्या काळी चुंबकीय फिती आणि डिस्क हाताने उचलून यंत्रावर खरोखरच चढवाव्या लागत. शब्द तेथून आला. मराठी अनुवादकांनी त्यासाठी 'आरोहण' हा शब्द योजला आहे. तो अर्थाने चोख असला तरी काकांसारख्या भाषाशिक्षकालाही प्रथम ऐकताना गिर्यारोहणच आठवले.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. माउंट पॉइंट हा मुळात आतल्या डिस्कवरचा साधा फोल्डर असतो. त्यावर बाहेरची डिस्क माउंट झाली, की फोल्डर उघडल्यावर त्या डिस्कवरील फाईली दिसतात. माउंट झालीच नाही, तरी फोल्डर जागेवर असतोच, रिकामा आणि कोणीही काहीही ठेवावे असा. बॅकअप करणाऱ्या आज्ञावलीला हा फरक कळत नाही. 'या फोल्डरमध्ये प्रत ठेव' एवढेच तिला सांगितलेले असते आणि ती इमानाने ठेवते. पुढे कधी डिस्क नीट माउंट झालीच, तर दरम्यान साठलेल्या फाईली तिच्याखाली झाकल्या जातात, जमिनीवर सतरंजी अंथरावी तशा. त्या पुसल्या जात नाहीत, पण दिसतही नाहीत, आणि जागा मात्र अडवतात. आतली डिस्क अकारण भरत चालल्याची तक्रार पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी सतरंजी उचलून पाहण्यास हरकत नसावी.

आता प्रश्न असा, की वीज येऊन संगणक सुरू झाला तेव्हा डिस्क माउंट का झाली नाही? संगणक सुरू होताना कोणती डिस्क कोठे माउंट करायची, याची यादी लिनक्समध्ये 'एफएसटॅब' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. एका ओळीत एक डिस्क आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने. पहिल्यात डिस्कची ओळख, दुसऱ्यात माउंट पॉइंट, तिसऱ्यात फाईल सिस्टिमचा प्रकार, चौथ्यात अटी व सवलती. पाचवा रकाना एका जुन्या बॅकअप पद्धतीसाठी असून आता तेथे बहुधा शून्यच लिहितात. सहाव्यात, सुरू होताना डिस्कची तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, ते असते. मुख्य डिस्कला १, इतरांना २ आणि तपासणी नको असल्यास शून्य.

माझी पहिली चूक पहिल्याच रकान्यात होती. लिनक्स डिस्कना सापडतील त्या क्रमाने 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे देते. काकांची आतली डिस्क होती 'एसडीए' आणि बाहेरची 'एसडीबी', म्हणून मी तेच नाव लिहून मोकळा झालो. ही नावे कायमची नसतात. एसटीच्या रांगेत जो आधी उभा राहील त्याचा नंबर पहिला, तसाच हा प्रकार. काका मोडीचे फाँट ठेवलेला एक पेन ड्राइव्ह वापरतात. पूर्वी तो संगणक चालू असताना लावला जाई, त्यामुळे त्याला तिसरा क्रमांक मिळे. वीज गेली त्या रात्री तो लावलेलाच राहिला होता. सकाळी संगणकाला तो बाहेरच्या डिस्कच्या आधी सापडला आणि 'एसडीबी' हे नाव त्याने पटकावले. त्याची फाईल सिस्टिम वेगळ्या प्रकारची असल्याने तो बॅकअपच्या जागी माउंट होऊ शकला नाही आणि खऱ्या डिस्ककडे कोणी पाहिलेच नाही. पुढेही प्रत्येक वेळी तो लावलेलाच राहिला. डिस्कला वीज मिळत होती, म्हणून दिवा पेटलेला. माउंट होण्याशी त्या दिव्याचा काहीएक संबंध नसतो.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. डिस्क फॉरमॅट करताना तिच्या फाईल सिस्टिमला एक लांबलचक क्रमांक मिळतो. त्याला 'यूयूआयडी' म्हणतात. लिनक्सच्या नेहमीच्या 'ईएक्सटी४' प्रकारात तो हायफनांसह ३६ चिन्हांचा असतो आणि डिस्क कोणत्याही खाचेत, कोणत्याही क्रमाने लावली तरी बदलत नाही. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा दिली, की तो पडद्यावर येतो (आज्ञा अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करायच्या). एफएसटॅबच्या पहिल्या रकान्यात नावाऐवजी हा क्रमांक लिहावा. डिस्क पुन्हा फॉरमॅट केली तर क्रमांक नवा होतो, हे ध्यानात ठेवावे. तसेच एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, तर दोघींचा क्रमांक एकच होतो. अशा जुळ्या बहिणी एकाच वेळी जोडू नयेत.

दुसरी चूक चौथ्या रकान्यातली, आणि ती मी चांगल्या हेतूने केली होती. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत सुरुवातीची सारी कामे 'सिस्टिमडी' ही व्यवस्था पाहते. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क सापडली नाही, तर ती साधारण दीड मिनिट वाट पाहते आणि मग संगणक नेहमीसारखा सुरू न करता आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर आणून सोडते. बाहेरची डिस्क काढून ठेवली म्हणून काकांना असा पडदा दिसू नये, यासाठी मी 'नोफेल' ही सवलत लिहिली होती. तिचा अर्थ, ही डिस्क मिळाली नाही तरी अडून बसू नकोस. संगणकाने ते अक्षरशः पाळले. बाहेरच्या डिस्कसाठी 'नोफेल' हवेच, यात शंका नाही. पण ज्या गोष्टीवर अडून बसायचे नाही, तिची वेगळी चौकशी कोणी तरी करायला हवी. ती मी कोठेच ठेवली नव्हती.

ती चौकशी बॅकअपच्या आज्ञावलीत ठेवता येते. 'माउंटपॉइंट' नावाची एक छोटी आज्ञा आहे. दिलेल्या फोल्डरवर खरोखर काही माउंट झाले आहे की नाही, एवढेच ती सांगते. प्रत करण्यापूर्वी ती विचारावी आणि उत्तर नकारार्थी आले, तर काम थांबवून पडद्यावर मोठा इशारा द्यावा. याहून पक्का एक मार्ग मला नंतर कळला. डिस्क माउंट नसताना तो रिकामा फोल्डर 'सीएचएटीटीआर' या आज्ञेने अपरिवर्तनीय करून टाकायचा. मग डिस्क माउंट नसेल तर त्यात प्रशासकालाही काही लिहिता येत नाही. माउंट झाली, की लिहिणे डिस्कवरच होते. जेथे चुकीने काही ठेवता येईल ती जागाच बंद.

एफएसटॅबमध्ये बदल केल्यावर संगणक लगेच बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. ओळीत एखादे अक्षर चुकले, तर आणीबाणीचा पडदा भेटतो आणि तो पाहून अनुभवी माणसाचाही जीव खाली-वर होतो. मूळ फाईलची प्रत आधी काढून ठेवावी. मग 'फाइंडएमएनटी' या आज्ञेला 'व्हेरिफाय' हा पर्याय जोडून ओळी तपासून घ्याव्यात आणि 'माउंट' आज्ञेचा 'ए' पर्याय वापरून यादीतील सर्व डिस्क तेथल्या तेथे माउंट करून पाहाव्यात. तक्रार आली नाही, तरच पुढे जावे.

हे सारे घरगुती संगणकापुरते झाले. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे शहरातील वाचकांच्या सहसा लक्षात नसते; पण काकांच्या गावाच्या याच तालुक्यात राजीव गांधी इन्फोटेक पार्कची काचेची इमारतरांग उभी आहे. मोठ्या कार्यालयांत फाईली दूरच्या सर्व्हरवर असतात आणि शेकडो संगणक त्या नेटवर्कवरून माउंट करतात. तेथे सुरू होतानाच सारे माउंट करण्याऐवजी 'ऑटोएफएस'सारखी सोय वापरतात. फोल्डर उघडला, की त्या क्षणी माउंट करायचे आणि काही काळ कोणी हात लावला नाही, की उतरवून ठेवायचे. जिन्यातला दिवा माणूस आला की लागावा, तसे. सिस्टिमडीतही 'ऑटोमाउंट' ही सवलत आहे आणि आठवड्यातून एकदा वापरल्या जाणाऱ्या घरच्या डिस्कलाही ती चांगली लागू पडते.

आपण विंडोज वापरता, म्हणून यातून सुटलात असे मात्र नाही. तेथे डिस्कचे अक्षर बदलू शकते. काल 'ई' असलेली डिस्क आज 'एफ' झाली आणि 'ई' दुसऱ्याच पेन ड्राइव्हला मिळाले, तर बॅकअप त्यावर जाईल. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन बॅकअपच्या डिस्कला वर्णमालेतील शेवटाकडचे एखादे अक्षर नेमून द्यावे, म्हणजे गोंधळ टळतो. मॅकवर तर काकांच्या घरी घडले तेच घडू शकते. तेथे डिस्क 'व्हॉल्यूम्स' या फोल्डरमध्ये माउंट होतात; डिस्क नसताना एखाद्या आज्ञावलीने तिच्याच नावाचा फोल्डर तेथे करून ठेवला, तर खरी डिस्क नंतर नावापुढे १ लावून येते आणि आज्ञावली जुन्याच फोल्डरमध्ये भरत राहते.

सप्टेंबरमध्ये काकांच्या संगणकाला नवी डिस्क बसवली. एफएसटॅबमध्ये आता यूयूआयडी आहे, फोल्डर कुलूपबंद आहे आणि बॅकअप अडला तर पडद्यावर लाल अक्षरांत मराठीत सूचना येते. त्या सात आठवड्यांतील बहुतेक कागद काकांनी पुन्हा घरोघर जाऊन मागून आणले. एका घरी गाठोडे मिळाले नाही. परत दिल्यावर ते पडवीत ठेवले होते, जुलैच्या पावसात भिंत खचली आणि ओला लगदा झालेले कागद घरच्यांनी टाकून दिले. "स्कॅन केलंय म्हणालात ना, मास्तर?" असे त्या घरच्या आजींनी विचारले. काकांनी त्यातील दोन पत्रे वहीत उतरवून घेतली होती, तेवढी आहेत.