गर्भाशयमुखाची तपासणी त्रास नसतानाच का करायची?

गर्भाशयमुखाचा कर्करोग अचानक उद्भवत नाही. त्याचं मुख्य कारण असलेला एचपीव्ही विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये मात्र तो टिकून राहतो आणि पेशी बदलू लागतात. या बदलांचा कर्करोग व्हायला सहसा १०-१५ वर्षं लागतात. या काळात बाईला काहीच जाणवत नाही, पण दोष सापडला तर साध्या उपचारांनी कर्करोग टाळता येतो.

तपासणीला काही मिनिटं पुरतात. पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तर एचपीव्ही चाचणीत विषाणू शोधतात. तिसऱ्या पद्धतीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. मिनिटभरात पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी करतात.

तपासणीने जीव वाचतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी आम्ल लावून तपासणी केली. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने ते जवळपास निम्म्यावर आले.

तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करावी. एचपीव्हीची लस घेतली असली, पाळी थांबली असली, तरीही. पाळीव्यतिरिक्त किंवा संबंधांनंतर रक्त गेलं, तर मात्र तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावं. संकोचापायी एकाही बाईचा जीव जाऊ नये.