छपरावरचें पाणी आणि माजी सैनिकाचें काम

कोल्हापुरांत आषाढांत पन्हळी ओसंडून वाहतात आणि फाल्गुन सरतां सरतां त्याच घरांपुढील झाडें पाण्यावांचून माना टाकतात. शहरांत वर्षाकाठीं सुमारें १००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने जी बाग कोरडी, ती माळ्याला बारमाही काम कोठून देणार?

हा प्रश्न या जिल्ह्यास विशेष जवळचा आहे. येथील पुष्कळ गांवांतून पिढ्यान् पिढ्या तरुण सैन्यांत जातात. शिरोळ तालुक्यांतील एक गांव तर ‘सैनिक टाकळी’ याच नांवानें ओळखलें जातें. सामान्य शिपाई ऐन चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन घरीं येतो. अंगीं बळ असतें, शिस्त असते. उणीव असते ती कामाची. अशा हातांनीं काय साधतें, हें देशानें पाहिलें आहे. १९८२ सालीं देहरादून येथें प्रादेशिक सेनेची पर्यावरण-पलटण उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनीं उघडे पडलेले मसुरीचे डोंगर माजी सैनिकांनीं पुन्हां हिरवे केले. १९७५ सालीं सैन्यांतून परतलेले अण्णा हजारे यांच्या प्रेरणेनें, जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या राळेगणसिद्धीनें पाणी अडवून जमिनींत मुरविलें, आणि ओसाड शिवारांत पुन्हां पिकें उभीं राहिलीं.

शहरांतील सार्वजनिक बागेला शिवार नसतें. तिचें शिवार म्हणजे शेजारचें छप्पर. त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, कीं एक लिटर पाणी होतें. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर वर्षाचें एक लाख लिटर. पहिल्या सरींचें धूळमिश्रित पाणी सोडून द्यावें लागतें. तें व इतर नासाडी वजा जातां सुमारें ८०,००० लिटर हातीं येतें. तें खडी-वाळूच्या थरांतून गाळून झांकलेल्या टाकींत ठेवावें. टाकी उघडी राहिली तर डांसांची पैदास होते.

आतां हें पाणी कोरड्या २४० दिवसांवर वांटलें, तर रोजचें सुमारें ३३० लिटर पडतें. वाफ्याच्या दर चौरस मीटरास रोज ४ लिटर धरले, तर ८० चौरस मीटर वाफे, म्हणजे गुंठाभरही नाहीं, जगतात. एवढ्यावर एका माणसाचाही संसार चालणार नाहीं. तेंच छप्पर शाळेचें किंवा मंडईचें, १००० चौरस मीटरांचें असेल, तर आठ गुंठ्यांचे वाफे उन्हाळा काढतील; मात्र त्यास आठ लाख लिटरांची सोय हवी. एवढी टाकी बांधणें न परवडल्यास कांहीं पाणी गाळून विहिरींत सोडावें व ठिबकानें जपून द्यावें.

म्हणून माजी सैनिकास बागेंत काम देऊं इच्छिणाऱ्या संस्थेनें आधीं छप्पर मोजावें, मग टाकी, मग वाफे, आणि शेवटीं माणसें. हा क्रम उलटला, तर पावसाळ्यांत दिलेलें काम वैशाखांत काढून घ्यावें लागतें. आणि ज्यानें उमेदीचीं वर्षें देशाच्या चाकरींत घालविलीं, त्याला चार महिन्यांचें आश्वासन शोभत नाहीं.