कणाचा अंगरखा

आमच्या भद्रावतीच्या मुलांस कोळशाची ओळख करून द्यावयास नको. माजरीकडील खाणी, कोळशानें भरलेल्या मालगाड्या आणि चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. उन्हाळ्यांत रस्त्याकडेच्या झाडाच्या पानावरून बोट फिरविलें तर तें काळें होतें. ही धूळ डोळ्यांस दिसते. परंतु धुरांत व धुळींत मुळींच न दिसणारे कणही असतात, आणि तेच श्वासाबरोबर फुप्फुसांत सर्वांत खोल जातात. असा कण शरीरांत शिरल्यावर त्याचें काय होतें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असतां एका भागास नॅनोमीटर म्हणतात. १ पासून १०० नॅनोमीटरपर्यंतचे कण ते नॅनोकण. मनुष्याचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, ह्यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. पानांवरील धुळीचे बहुतेक कण ह्याहून पुष्कळ मोठे असतात. परंतु चुलीच्या आणि डिझेलच्या धुरांत नॅनोकण विपुल असतात.

वस्तु जों जों बारीक करावी, तों तों तिचा पृष्ठभाग वाढतो. एक सेंटीमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटीमीटर असतो. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे ठोकळे केले तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरेल! एवढ्या जागेवर भोंवतालचे पदार्थ येऊन चिकटल्यावांचून कसे राहतील?

ह्याचें घरगुती उदाहरण जुन्या शाईचें आहे. पूर्वी दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यांत खलून शाई करीत. नुसत्या पाण्यांत काजळीच्या गुठळ्या होतात. डिंक मात्र प्रत्येक कणाभोंवतीं लपेटून बसतो, आणि मग कण एकमेकांस चिकटत नाहींत. जें काम डिंक करतो, तेंच प्रथिनेंही करतात. मायकेल फॅराडे ह्यांनीं १८५७ सालीं सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांच्या तांबड्या द्रवाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा द्रवांत मीठ घातलें तर कण एकत्र होऊन रंग निळसर होतो. परंतु आधीं थोडें जिलेटिन, म्हणजे एक प्रथिन, घातलें तर रंग तांबडाच राहतो. रिचर्ड झिगमाँडी ह्यांनीं १९०१ सालीं ह्याच गुणावरून निरनिराळ्या पदार्थांची संरक्षक शक्ति मोजण्याची रीति काढिली.

आपल्या रक्तद्रवाच्या एका लिटरांत साधारणतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिनें असतात. नॅनोकण त्यांत शिरतांच कांहीं क्षणांत प्रथिनें त्यास वेढून टाकितात. परंतु प्रथम येणारीं सर्वच तेथें टिकतात असें नाहीं. भांदक स्थानकावर गाडी थांबली म्हणजे जे दाराशीं उभे असतात ते आधीं आंत शिरून बांक अडवितात. मागाहून लांबच्या प्रवासाचीं माणसें आपापल्या जागा दाखवून त्यांस उठवितात व शेवटपर्यंत बसून राहतात. त्याचप्रमाणें आल्ब्युमिनसारखीं विपुल प्रथिनें आधीं बसतात, आणि ज्यांची पकड अधिक घट्ट तीं मागाहून त्यांची जागा घेतात. ह्या अदलाबदलीस लिओ व्रोमन ह्या शास्त्रज्ञाचें नांव मिळालें आहे. आंतला थर घट्ट, बाहेरचा सैल व सतत बदलणारा, अशा ह्या आवरणास २००७ सालीं ‘प्रोटीन कोरोना’, म्हणजे प्रथिनांचा मुकुट, असें नांव देण्यांत आलें. आम्हांस मात्र अंगरखा हाच शब्द अधिक बरा वाटतो.

कारण शरीरांतील पेशींस मूळ कण दिसतच नाहीं; त्यांस दिसतो तो हा अंगरखा. फुप्फुसांतील ओलाव्यांत अशीं कांहीं प्रथिनें आहेत कीं, तीं कणावर बसलीं म्हणजे भक्षक पेशी तो कण ओळखून गिळून टाकितात. उलट, कणावर बसतांना एखाद्या प्रथिनाची घडी उलगडली तर त्याच पेशी खवळून दाह उत्पन्न करूं शकतात. शिवाय निरोगी व आजारी मनुष्यांच्या रक्तांत एकाच कणास निरनिराळे अंगरखे मिळतात.

हेंच ज्ञान औषधांच्या कामीं आलें आहे. २०१८ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें पॅटिसिरान हें औषध स्निग्ध पदार्थाच्या नॅनोकणांत भरलेलें असतें. रक्तांत गेल्यावर त्या कणांवर अपोलिपोप्रोटीन ई नांवाचें प्रथिन बसतें, आणि त्या खुणेवरून यकृताच्या पेशी त्यांस आंत घेतात. म्हणजे औषधास वाट दाखविणारा वाटाड्या रोग्याच्याच रक्तांत भेटतो! आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, फ्युझेरियम नांवाची बुरशी चांदीचे नॅनोकण तयार करते, आणि तिचींच प्रथिनें त्या कणांस गुठळ्या होण्यापासून राखतात.

आतां पालकांस दोन शब्द. साधा रुमाल नाकास लावला तर जाड धूळ अडते, परंतु असे सूक्ष्म कण त्यानें पुरेसे अडत नाहींत. म्हणून मुळांत धूरच कमी करावा. स्वयंपाकघरांत धूर कोंडूं देऊं नये, पालापाचोळा दारांत जाळूं नये, अंगण झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावें. शरीरांत शिरलेल्या कणानें कोणता अंगरखा घालावा हें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्यास घराच्या दारांतच थोपविणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.