बांगडीचा सांधा

काचेच्या बांगडीवरून हळूच नख फिरवा. एका जागी ते अडखळेल. तो सांधा. आम्ही कासार बांगडी भरण्याआधी बोटाने तो चाचपतो, कारण कच्चा सांधा गिऱ्हाइकाच्या मनगटावर तडकतो. बांगडी स्वस्त होते तीही याच सांध्यावर.

माझ्या दुकानातल्या काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. तिथे भट्टीतली वितळलेली काच फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात. ती गुंडाळी कापली की उघड्या तोंडाच्या कड्या सुटतात. कारखान्यातलं काम इथे संपतं. पुढे शेकडो कड्यांचे तोडे बांधून वस्तीतल्या घरांत पाठवतात. तिथे दिव्याच्या ज्योतीवर एकेका कडीची तोंडं जुळवायची, ही ‘जुडाई’. ज्योत हलायला नको म्हणून उन्हाळ्यातही पंखा बंद. मजुरी तोड्यामागे मिळते आणि इतकी थोडी, की आईबापाच्या कष्टात घर चालत नाही. मग पोरंही धुरात डोळे चोळत ज्योतीपुढे बसतात.

कायदा आहे. 1986च्या बालकामगार कायद्यात 2016मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा मात्र राहिली. धोक्याच्या कामांना ती मुभा नाही. पण बंद दाराआडची ज्योत तपासायला जातं कोण?

माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली विचारतात, “मावशी, मग या बांगड्या घेणंच सोडायचं का?” मी त्यांना बांगलादेशातली गोष्ट सांगते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांनी बनवलेला माल रोखण्याचं विधेयक आलं. नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना काढून टाकलं. त्यातली कितीतरी शाळेत गेलीच नाहीत. काही खडी फोडायला लागली, काही त्याहून वाईट कामांत सापडली. पुढे 1995मध्ये करार होऊन शाळा आणि विद्यावेतनाची सोय करावी लागली.

नुसतं मुलाला कामावरून काढून भागत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996मध्ये शिवकाशीच्या काडेपेटी कारखान्यांतल्या बालमजुरीच्या खटल्यात ओळखलं होतं. मुलाला राबवणाऱ्या मालकाने दर मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाला काम मिळावं, असा तो निकाल होता. मोठ्यांच्या हाताला पुरेसा दाम मिळाला, तरच मुलाचा हात सुटतो.

म्हणून माझं म्हणणं घासाघिशीबद्दल आहे. तुम्ही डझनामागे पाच रुपये तोडले की मी ते ठोक व्यापाऱ्याकडून तोडून घेते, तो कारखानदाराकडून, आणि शेवटी ते जुडाईच्या मजुरीतून जातात. उलट तुम्ही पाच रुपये जास्त दिले तर ते आपोआप तिथवर पोचत नाहीत. मधले हात ते ठेवून घेतात. म्हणून भाव पाडू नका आणि विचारणंही सोडू नका: सांधणाऱ्याला तोड्यामागे काय मिळालं? तुम्ही मला विचारा, मी व्यापाऱ्याला विचारते. लग्नसराईची मोठी मागणी नोंदवताना आम्ही सगळे कासार हा प्रश्न एकदम विचारू लागलो, तर त्याला उत्तर द्यावंच लागेल.